गोऱ्यांच्या खोलीची ट्रॉली

राहतं घर चाकांवर असलं की ते मोडायला कोणाला विचारावं लागत नाही, असा आमच्या आबांचा समज होता. आबा म्हणजे माझे वडील. त्या समजापायी आमच्या घरात एका चैत्रात जे झालं ते मी आजवर कोणाला धड सांगितलेलं नाही. सांगायला बसलो की आम्हा मालवणी माणसांचं नेहमी होतं तेच होतं, मूळ गोष्ट राहते बाजूला आणि त्या दिवशी कालवण कशाचं होतं यावरच तासभर जातो. आता वय झालं. कालवणासकट सगळं लिहून टाकतो.

आमचं घर मालवणच्या खाली, समुद्रापासून दोन हाकांवर, माडांच्या बागेत. मी पहिली-दुसरीत होतो तेव्हा एक गोरं जोडपं गोव्याहून किनाऱ्याकिनाऱ्याने वर आलं आणि आमच्या माडात मुक्काम करून राहिलं. त्यांच्या जुनाट मोटारीमागे पत्र्याची एक खोली जोडलेली होती. दोन चाकं, वर गोलसर छप्पर, आत पलंग, मिटणारं टेबल, भांडी घासायला ताटाएवढी मोरी आणि दोन्ही बाजूंना काचेच्या खिडक्या. आमच्या वाडीने असलं काही बघितलेलं नव्हतं. जो तो येऊन दार उघडून बघे आणि आत कोणी असलं की लाजून पळे. पुढे त्यांच्या मोटारीचं इंजिन बसलं, मोटार कोणीतरी भंगारात नेली आणि ती दोघं "चार दिवसांत येतो" असं खुणांनी सांगून एसटीत बसून गेली ती गेलीच. आबांनी बरीच वर्षं त्या खोलीला हात लावू दिला नाही. परक्याची वस्तू, मालक आला तर काय तोंड दाखवायचं, म्हणत. मालक काही आला नाही. मग हळूहळू तिच्यात नारळाची सोडणं, म्हणजे सालं, भरायला लागली, आणि नाव मात्र 'गोऱ्यांची खोली' असंच राहिलं.

हल्ली आमच्या रस्त्यावरून पुण्यामुंबईची माणसं असल्या खोल्या घेऊन फिरायला येतात. आत फ्रीज, बाहेर छत्री, कुत्राही बरोबर. माझा नातू म्हणतो, आजोबा, आपण पण एक घेऊया. मी म्हणतो, आमच्याकडे होती, तिच्यात माणूस राहत होतं. त्याला वाटतं म्हातारा थापा मारतो.

राहत होती ती शालनआते, आबांची पाठची बहीण. तिला फोंडाघाटात दिलेली. नवऱ्याचं बाजारात किराणाचं दुकान होतं, माणूस देखणा होता, आणि हात उचलण्यात त्याला काही वावगं वाटत नसे. एका संध्याकाळी आते आमच्या अंगणात उभी राहिली, एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात लुगड्यात बांधलेलं शिलाई मशीनचं मुंडकं. एवढं वजन घेऊन ती कणकवलीला गाडी बदलून आली होती. तिच्या डाव्या कानातून पाणी येत होतं. ते पुढे थांबलं, पण त्या कानाने तिला कायमचं ऐकू येईनासं झालं. आबा दुसऱ्या दिवशी फोंड्याला गेले, तिथे काय बोलले ते आम्हाला कळलं नाही. परत आले आणि पडवीत बसून एवढंच म्हणाले, "रव चार दिवस."

आते घरात चार दिवसच राहिली. घर म्हणजे दोन खोल्या आणि पडवी. येणाराजाणारा तिच्याकडे बघून आईला खालच्या आवाजात काहीतरी विचारी. पाचव्या दिवशी तिने गोऱ्यांच्या खोलीतली सोडणं बाहेर काढली, पत्रा चिंचेने आणि राखेने घासला, मिटणाऱ्या टेबलावर मशीन बसवलं आणि तिथेच राहायला गेली. तिने वाडीतल्या बायकांची पोलकी शिवली, शाळेतल्या पोरांच्या चड्ड्या शिवल्या, होड्यांची शिडंसुद्धा शिवून दिली. मी कणकवलीच्या एका गॅरेजात काम शिकायला होतो, शनिवारी घरी येई. रस्त्यावरून वळलो की आधी मशीनचा आवाज ऐकू यायचा आणि मग स्टोव्हवरच्या घावण्यांचा वास. खोलीत दोघांना जेमतेम बसता येई. ती घावणं तव्यावरून थेट माझ्या ताटलीत टाके, वर नारळाचा रस, आणि कधी सुक्या बांगड्याचा तुकडा. तेवढ्या जागेत मी जितका सुखाने जेवलो तितका नंतर कुठल्या लग्नातसुद्धा जेवलो नाही.

तिच्याशी बोलायचं तर तिच्या उजव्या बाजूला जावं लागायचं. आई जायची, मी जायचो, शेजारच्या कोळणीसुद्धा टोपली घेऊन बरोबर त्या बाजूला उभ्या राहायच्या. आबांच्या मात्र ते कधी लक्षात राहिलं नाही. की राहत होतं आणि तरी ते करत नव्हते, कोण जाणे. ते डावीकडून बोलायचे, तिला ऐकू यायचं नाही, आणि मग भडकायचे. "भिंतीक सांगलेला ऐकता, पण हिका ऐकाक येना नाय." लहानपणी याच बहिणीला खांद्यावर घेऊन ते जत्रेला न्यायचे, खटखट्याचे लाडू घेऊन द्यायचे, असं आई सांगे. मला ते खरंच वाटत नसे.

मग आबांनी लिलावात एक जुनी जीप घेतली. किनाऱ्यावर तेव्हा लॉजिंगची बांधकामं नुकती सुरू झाली होती आणि चिऱ्याला, म्हणजे आमच्याकडच्या तांबड्या दगडाला, मागणी आली होती. जीप होती, पण तिच्यामागे ओढायला काही नव्हतं. एका रविवारी दुपारी जेवताना (तिसऱ्यांची, म्हणजे शिंपल्यांची, आमटी होती, बघा आलंच कालवण) आबा हात धुता धुता म्हणाले, "दिगू, ती गोऱ्यांची खोली वरसून काप. चाका बरी आसत. खालच्या सांगाड्यार फळये मारले की चिऱ्यांका सपाट ट्रॉली होतली."

आते ताटं उचलत होती. आबा तिच्या डाव्या बाजूला होते. तिने ऐकलंच नाही. ती तशीच ताटं घेऊन मागीलदारी गेली आणि मी आईकडे बघितलं. आईने मान खाली घातली. म्हणजे तिला आधीच माहीत होतं. आबा म्हणाले, "सांग तिका." एवढं बोलून ते पडवीत जाऊन आडवे झाले, आणि सांगायचं काम माझ्यावर आलं. मी विहिरीपाशी गेलो, तिच्या उजव्या बाजूला बसलो आणि सांगितलं. ती राखेने ताट घासत होती. घासायची थांबली नाही.

"आणि मी खंय रवतलंय?" तिने विचारलं.

त्याचं उत्तर मला संध्याकाळी आईकडून कळलं. फोंड्याच्या घरून निरोपावर निरोप येत होते की बायको माहेरी बसल्याने आमची शोभा होते, पाठवा. वाडीतही बोलत. आबांना उघड 'जा' म्हणायचं नव्हतं. खोलीच राहिली नाही की तिला आपोआप जावं लागेल, असा त्यांचा हिशेब होता. ट्रॉलीला नारळ फोडायच्या दिवशी तिचा दीर येऊन तिला घेऊन जाणार, हेही ठरलेलं होतं.

"तू काय बोलूक नाय?" मी आईवर ओरडलो.

"माजा कोण ऐकता?" आई म्हणाली. "आणि तू तरी 'नाय कापणंय' असा सांगशीत बापाशीक?"

मी नाही सांगितलं. आबांपुढे नाही म्हणायची आमच्या घरात रीतच नव्हती, आणि मी नाही म्हटलं असतं तर त्यांनी कोणालाही बोलावून कुऱ्हाडीने ती फोडली असती. निदान माझ्या हातून ती नीट उलगडेल, असं मी स्वतःला समजावलं. आजही त्या समजावण्याने माझं समाधान होत नाही.

सोमवारी आतेने आपलं सामान पडवीत आणलं आणि मी गॅरेजातून रजा काढून कामाला लागलो. आधी खिडक्या काढायच्या होत्या. त्यांच्या कडेचं रबर खाऱ्या वाऱ्याने दगड झालेलं. मी छिन्नी लावली तशी आते मागून म्हणाली, "हळू काड. काचो फुटता नयेत. माका व्हये आसत." तिने दोन्ही खिडक्या चौकटीसकट गोणपाटात गुंडाळून पडवीच्या माळ्यावर ठेवल्या. मोरीही मागून घेतली. आबांनी विचारलं, हे कशाला? ते डावीकडे होते. तिने उत्तर दिलं नाही, आणि त्या वेळी तिला खरंच ऐकू आलं नव्हतं का, याबद्दल मला शंका आहे.

मग एकेक रिवेट ड्रिलने उडवला आणि पत्रा सोलून काढला. आतल्या लाकडाला वाळवी लागलेली होती, पण भिंतीला आतेने खळीने चिकटवलेली रंगीत चित्रं, कॅलेंडरची पानं, पोलक्यांच्या मापाचे कागद सगळं जसंच्या तसं होतं. लोक रस्त्यावरून थांबून बघत. चार भिंतींच्या आतलं एका बाईचं सगळं जगणं असं भर उन्हात उघडं पडलेलं मला बघवेना. मी ते कागद घाईघाईने ओरबाडून काढले. त्या आठवड्यात आबा आणि आते एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत. आई दोघांना वाढी. पेजेचा भुरका आणि लोणच्याच्या बरणीचं झाकण, एवढाच काय तो जेवताना आवाज.

खोली निघाली आणि भलतंच झालं. चाकांवर नुसता सांगाडा राहिला होता. आबांनी उत्साहाने त्यावर वीसेक चिरे रचून बघितले, तर सांगाडा मधोमध वाकला. मी खाली घुसून बघितलं. त्या गोऱ्यांच्या देशात सांगाडा हलका बनवत असावेत. वरच्या खोलीच्या भिंतीच त्याला ताठ धरून होत्या. भिंती काढल्या तशी त्यातली ताकद गेली. आता खालून लोखंडी चॅनेल जोडायला हवे होते, स्प्रिंगचे पाटे बदलायला हवे होते. आबांच्या कपाळावर आठ्या पडल्या. मी कणकवलीच्या भंगारातून ट्रकचे चॅनेल आणले, भाड्याने वेल्डिंगचं मशीन आणलं, आणि काम लांबलं.

त्या लांबलेल्या दिवसांत आते पडवीत चटईवर झोपायची आणि दिवसा माझ्याजवळ येऊन बसायची, नट आवळायचे पाने हातात द्यायची. किंजळीच्या फळ्या मारल्यावर त्यांना काजूच्या सालीचं तेल तिनेच लावलं. हात काळे पडले, कातडी निघाली. मी म्हटलं, "आते, तू कित्याक लावतंस? ही ट्रॉली झाली की तुका जावचा लागतला." तिने चिंधी पुन्हा तेलात बुडवली. मग म्हणाली, "गाडी बरी होवांदे. चिऱ्यांचा वजन जड आसता." मला वाटलं, हिने हार मानली.

अखेर ट्रॉली तयार झाली. आमच्याकडे काहीही नवं सुरू करायचं तर गाऱ्हाणं घालतात. एकाने देवाला मोठ्याने सांगायचं आणि जमलेल्यांनी हात जोडून प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. लहानपणापासून ते इतकं अंगात मुरलेलं असतं की सांगणारा काय सांगतोय इकडे लक्षही नसतं. "म्हाराजा" कानावर पडलं की तोंडातून "व्हय" सुटतंच. आणि एकदा देवापुढे म्हटलेलं मागे घेता येत नाही, हेही सगळ्यांना तितकंच पक्कं ठाऊक असतं.

बागेच्या कोपऱ्यात राखणदाराचा, म्हणजे जागा राखणाऱ्या देवाचा, दगड आहे. त्याच्यासमोर ट्रॉली उभी केली, झेंडूची माळ घातली. वाडीतली दहाबारा माणसं आली. फोंड्याहून दीरही आला, इस्त्रीचा शर्ट घालून. आतेची पिशवी पडवीत भरून ठेवलेली होती, आईनेच भरली होती आणि सकाळपासून तिचे डोळे लाल होते. गाऱ्हाणं घालायला आमच्या भावकीतले सगळ्यांत म्हातारे भिकूआजे. त्यांनी पानाचा विडा ठेवला, नारळ हातात घेतला आणि सुरू केलं. गाडीला यश दे, चाकाला काटा लागू देऊ नको, खेपेला बरकत दे. आम्ही सगळे एका सुरात म्हणत होतो. संपवताना ते नेहमी विचारत तसं त्यांनी विचारलं, "आणि कोणाचा काय सांगाचा रवला आसा?" या प्रश्नाला कधी कोणी उत्तर देत नाही. ती नुसती पद्धत.

"माजा आसा," आते म्हणाली.

बायका गाऱ्हाणं घालत नाहीत. पण ती बायकांमधून पुढे आलीसुद्धा होती, हात जोडून, डोळे त्या दगडाकडे. कान गेल्यापासून ती बोलायची ते जरा मोठ्यानेच. त्या दिवशी तिचा आवाज रस्त्यापलीकडे गेला असेल.

"बा देवा राखणदारा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले. म्हणणारच.

"ही गाडी म्हणजे माजी खोली होती, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तिका मोडून माज्या भावान धंदो घातल्यान, तेका तू यश दी, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" यात आबांचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

"आता ज्या जाग्यार ती खोली हुबी होती, थंयच माका चिऱ्याची एक खोली हुबी करून दी, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि ह्या गाडयेची पयली खेप तिच्याच चिऱ्यांची येवांदे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मी आबांकडे बघत होतो. म्हणून झाल्यावर त्यांचं तोंड तसंच उघडं राहिलं. आपण काय बोलून बसलो ते त्यांना तेव्हा कळलं. दीरही हात जोडून, डोळे मिटून भक्तिभावाने "व्हय" म्हणून गेला होता. त्याने डोळे उघडले आणि आजूबाजूला बघितलं. आता सगळे सावध झाले होते.

"ज्या घरात माजो कान फोडलो, त्या घरात माका परत जावचा लागता नये, म्हाराजा!"

या वेळी 'व्हय' कोणी म्हटलं नाही. तेवढ्यात मागून आईचा आवाज आला. माझी आई, जिने आबांसमोर कधी मान वर केली नव्हती.

"व्हय म्हाराजा!"

मग मी म्हटलं. मग कोळणी म्हणाल्या, एकीमागून एक. भिकूआज्यांनी सगळ्यांत शेवटी म्हटलं आणि पुढे कोणाला बोलायला जागाच न ठेवता दगडावर नारळ फोडला.

आबा त्यांच्या अंगावरच गेले. "आजानु, ह्या काय? बायलमनशाचा गाऱ्हाना काय खरा धरतलास?"

"वसंता," आजे खोबऱ्याचे तुकडे करत म्हणाले, "तू व्हय म्हटलंस. ह्या कानान आयकलंय. आता देवाक सांग, मी म्हणाक नाय म्हणान. माका सांगा नको."

आबांनी दगडाकडे बघितलं आणि ते पडवीत निघून गेले. दिराने चहा घेतला, खोबरं खिशात टाकलं, आणि दुपारच्या एसटीने एकटाच परत गेला. आईने पिशवीतली लुगडी काढून पुन्हा दोरीवर टाकली. मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं, पण घरात दोन्हीची सोय नव्हती. आबा दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी जीप काढली आणि मला हाक मारली.

पहिली खेप आतेच्या चिऱ्यांची आली. आबा एकेक दगड स्वतः उतरवत होते. रागाने आपटत असतील असं मला वाटलं होतं, पण नाही, कडा उडणार नाहीत असे बेताने ठेवत होते. आते थोड्या अंतरावर उभी होती. माझ्या मनात होतं ते असं की आता सगळं गोड होईल, दोघं बोलतील, आई काहीतरी गोडाधोडाचं करील. मी अठरा-एकोणीस वर्षांचा होतो, तसं वाटायचं वय होतं.

ट्रॉली रिकामी झाली. आबांनी हात झटकले, पंच्याने तोंड पुसलं आणि ते आतेकडे चालत गेले, नेहमीसारखे डाव्या बाजूने. तिच्यापाशी पोचले आणि थांबले. मग तिच्या मागून वळसा घालून उजव्या बाजूला आले.

"शालू," ते म्हणाले, "दार खंयच्या बाजूक होया तुका?"

इतक्या वर्षांत ते पहिल्यांदा त्या बाजूला आले होते. आतेच्या ते लक्षात आल्याशिवाय राहिलं नसणार. तिचे डोळे भरले, पण ती त्यांच्याकडे न बघता चिऱ्यांच्या ढिगाकडेच बघत राहिली.

"रस्त्याच्या बाजूक," ती म्हणाली. "माका तुज्या अंगणातसून येवचा लागता नये."

आबांनी मान हलवली. खिशातून सुतळी काढली, रस्त्याच्या बाजूला गेले, आणि वाकून पहिली खुंटी ठोकली.